भिंतीपलीकडचा गिअर

माझे सासरे आणि त्यांचे मोठे भाऊ यांच्या मोटारसायकली एकाच दिवशी घरात आल्या होत्या. हायवेकडच्या भातशेतीचा एक तुकडा विकला, तेव्हा त्यांच्या वडिलांनी दोन्ही मुलांना एकसारख्या गाड्या घेऊन दिल्या. रंग काळा, टाकी फुगीर, किक आणि गिअर एकाच दांडीवर. एकाला चांगली मिळाली आणि दुसऱ्याला वाईट, असं कुणी म्हणू नये एवढाच त्यांचा हेतू. वडील गेल्यावर भाऊ भांडले ते गाड्यांवरून नाही, विहिरीजवळच्या जमिनीच्या हातभर रुंद पट्ट्यावरून.

मी लग्न होऊन मीरा रोडजवळच्या काशीगावात आले तेव्हा अंगणाच्या मधोमध भिंत उभी होती. सिमेंटच्या ठोकळ्यांची, पुरुषभर उंच. गिलावा फक्त आमच्या बाजूने होता, कारण मोठ्या बाबांनी आमच्या गवंड्याला त्यांच्या बाजूला पाय ठेवू दिला नव्हता आणि स्वतःही गिलावा केला नव्हता. सासऱ्यांना मी बाबा म्हणायचे, म्हणून त्यांचे भाऊ मोठे बाबा. दोघं अनेक वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. गल्ली मात्र एकच होती, त्यामुळे रोज एकमेकांना बघायचे.

सासूबाई माझ्या लग्नाआधीच वारल्या होत्या. त्यांना नेलं त्या दुपारी भिंतीपलीकडे मटण शिजत होतं, हे नवऱ्याने मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं. मोठ्या बाबांनी मुद्दाम अंगणात चूल मांडली होती.

"आपण त्यांच्याशी बोलत नाही," नवरा म्हणाला. "पण तू नवीन आहेस. तू बोललीस तर चालेल."

हा नियम कुणी केला ते मला कधी कळलं नाही, पण दोन्ही घरांनी तो मानला. मी परळच्या दोन खोल्यांत वाढलेली. मासे खाता यायचे, साफ करता यायचे नाहीत. मोठ्या बाबांची बायको, मोठी आई, हिने ते ओळखलं आणि एका दुपारी मला हाक मारून आपल्या मोरीवर बसवलं. मांदेलीचं डोकं बोटांनीच कसं खुडायचं, बोंबील कसा चिरायचा, हे तिने माझा हात धरून शिकवलं. त्या घरात आणि त्या गावात माझ्याशी विनाकारण चांगलं वागणारी ती एकटी बाई होती. ती मला "बाय" म्हणायची. मोठे बाबा मला "मुंबैवाली" म्हणायचे.

दोन हजार तीन-चारच्या सुमाराला बाबांचा भाईंदर पूर्वेचा कारखाना बंद झाला. स्टीलची भांडी बनायची तिथे, आणि बाबा तिथल्या यंत्रांच्या दुरुस्तीला होते. आयुष्यभर हात काळे असलेला माणूस एकदम स्वच्छ हातांनी घरात बसला. काही दिवस ते नुसते हायवेपर्यंत चालत जायचे आणि परत यायचे. मग एका सकाळी त्यांनी पडवीतल्या मोटारसायकलवरची ताडपत्री काढली.

गाडी कित्येक वर्षं बंद होती. इंजिन ठीक निघालं. बिघाड गिअरबॉक्समध्ये होता. दुसरा गिअर टाकला की गाडी थोडी पुढे जायची, आणि जोर आला की खटकन गिअर सुटायचा. बाबांनी इंजिन उतरवलं, मधोमध उघडलं आणि आतला एकेक भाग माझ्या पीठ मळायच्या परातीत काढून ठेवला. मी संध्याकाळी नवी परात आणली.

त्यांनी मला दाखवलं. गिअरच्या चकतीला बाहेरून दात असतात ते सगळ्यांना माहीत असतात. पण कडेलाही चार जाड उंचवटे असतात, दाढांसारखे. बाबा त्यांना कान म्हणायचे. ते शेजारच्या गिअरच्या खाचेत शिरून बसले की गाडी ओढली जाते. आमच्या गिअरचे चारही कान झिजून साबणाच्या वडीसारखे गोल झाले होते.

"हा एक गिअर मिलला की झालं," बाबा म्हणाले.

तो मिळत नव्हता. गाडी बनवणारी कंपनीच बंद पडलेली. कुर्ल्याच्या भंगार बाजारात मी त्यांच्याबरोबर गेले. तिथल्या एका दुकानदाराने "ओरिजिनल है चाचा, पुराना स्टॉक" म्हणत कागदात गुंडाळलेला गिअर दिला. घरी येऊन बसवला, आणि गाडी गल्लीच्या तोंडापर्यंत जायच्या आत त्याचे दात बिस्किटासारखे तुटले. नंतर बाबांनी औद्योगिक वसाहतीतल्या एका ओळखीच्या गाळ्यात गिअर कापून घेतला, भट्टीतून कडक करून आणला. तो तुटला नाही. पण जोर आला की पहिल्यासारखाच सुटायचा. असं का होतंय ते त्यांना कळेना. ते तासन्‌तास परातीपुढे उकिडवे बसायचे. जेवायला बोलावलं की "हो, हो" म्हणायचे आणि यायचे नाहीत.

खरं तर तो गिअर कुठे आहे हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. भिंतीपलीकडे मोठ्या बाबांच्या पडवीत तशीच गाडी उभी होती. तिच्यावर कोंबड्या बसायच्या. मोठ्या बाबांनी ती फारशी चालवलीच नव्हती. त्यांना गाडीपेक्षा रिक्षाने जाणं आवडायचं.

शेवटी बाबा एकदा माझ्याकडे न बघता म्हणाले, "वहिनीकडं जातेस ना तू मासं करायला. जाशील तवा विचार दादूसला."

मी गेले. मोठे बाबा, म्हणजे त्यांचा दादूस, आरामखुर्चीत पेपर वाचत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, चष्मा काढला.

"तुझ्या सासऱ्याला गिअर पायजे?"

"हो."

"मग तो का न्हाय आला?"

त्यांनी पेपरची घडी घातली.

"बघतो," ते म्हणाले. "न्हाय म्हनत न्हाय मी."

दोन दिवसांनी हायवेवरचा एक मेकॅनिक त्यांच्याकडे आला. भिंतीपलीकडून पान्यांचे आवाज येत राहिले. बाबा आमच्या बाजूला भिंतीला पाठ लावून बसले होते आणि प्रत्येक आवाजाला मला सांगत होते, "आता क्लच काढला. आता इंजिनची केस उघडली." त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं. मला वाटलं, चला, सुटला प्रश्न.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाबांनी मला बोलावलं. कपाटातून फडक्यात गुंडाळलेला गिअर काढला आणि माझ्या हातात दिला. तेल लावलेला, जड, जवळजवळ नवा. चारही कान धारदार. मी तो घेऊन उठले, तर ते म्हणाले, "कुठं निघालीस? बघायला दिलाय." आणि परत घेऊन कपाटात ठेवला, कुलूप लावलं.

त्यानंतर तो त्यांचा खेळच झाला. मी मोठ्या आईकडे गेले की ते हाक मारायचे. आज पाय चेपून दे. आज पेपर मोठ्याने वाचून दाखव. आज कोंबड्यांचं खुराडं साफ कर. प्रत्येक वेळी कपाट उघडायचं, गिअर माझ्या तळहातावर ठेवायचा, माझ्याकडे बघायचं आणि परत घ्यायचा. मोठी आई मधे बोलायला गेली की तिच्यावर नुसते डोळे वटारायचे. मी घरी येऊन बाबांना सांगायचे, "अजून विचार करतायत." खुराडं साफ केल्याचं मी सांगितलं नाही.

एकदा मी मोरीवर कोलंबी सोलत होते. मोठे बाबा भिंतीला लागून खुर्ची टाकून बसले होते. ते मोठ्या, मोकळ्या आवाजात म्हणाले, "काय गं मुंबैवाली, लग्नाला तीन वर्सं झाली. पालना कुठं हाय?"

मी पुढची कोलंबी उचलली.

"तुझा पन पार्ट बाजारात मिलत न्हाय वाटतं," ते म्हणाले आणि आपल्याच बोलण्यावर खोकला येईपर्यंत हसले.

मोठी आई उठून आत गेली. मी उरलेली कोलंबी सोलली, ताट धुतलं आणि घरी आले. बाबा अंगणात होते. मी काही बोलले नाही, त्यांनीही काही विचारलं नाही. मला पुढे मूल झालं की नाही हे इथे सांगायची मला गरज वाटत नाही. त्या वर्षी मी दोनदा दवाखान्यात जाऊन आले होते आणि ते दोन्ही घरांना माहीत होतं, एवढंच सांगते.

नवऱ्याला रात्री जेवताना सांगितलं. तो बोरिवलीला एका खाजगी कंपनीत हिशेब बघायचा, थकून यायचा. म्हणाला, "ते तसेच आहेत. मनावर घेऊ नकोस." आणि भात मागितला.

मग मोठ्या बाबांच्या मुलीचं लग्न ठरलं. त्यांना एकच मुलगी. बाबांनी तिला लहानपणी आपल्या मोटारसायकलच्या टाकीवर बसवून फिरवलं होतं. हळदीचं आमंत्रण आमच्या घरी रीतसर कुणी दिलं नाही, पण मोठी आई भिंतीजवळ येऊन मला म्हणाली, "काका आला पायजे बाय. पोरगी रडतेय." बाबांनी ऐकलं. त्या दिवशी त्यांनी पांढरा शर्ट घातला, डोक्याला टोपी घातली आणि पुतणीसाठी साडी घेऊन आम्ही तिघं गल्लीतून फिरून त्यांच्या दारात गेलो.

वाटेत बाबा मला हळूच म्हणाले, "आज शुभ दिवस हाय. आज तो न्हाय म्हननार न्हाय."

आमच्याकडची हळद म्हणजे सगळा गाव. मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. एका कोपऱ्यात धवलारीण लग्नाची गाणी म्हणत होती, दुसऱ्या कोपऱ्यात बँड. पुतणी हळदीने पिवळी झाली होती. ती बाबांच्या पाया पडली आणि त्यांना बिलगून रडली. बाबांचेही डोळे भरले. मला वाटतं, त्यामुळेच त्यांना धीर आला. ते सरळ मोठ्या बाबांच्या खुर्चीपाशी गेले. मोठे बाबा प्यायले होते, पण शुद्धीत होते.

"दादूस," बाबा म्हणाले.

कितीतरी वर्षांनी ते हाक मारत होते. आजूबाजूचे लोक वळून बघू लागले.

"काय? बँडचा आवाज हाय. मोठ्यानं बोल."

"तो गिअर मना दे."

मोठ्या बाबांनी हात वर करून बँड थांबवला. "आता बोल. सगल्यांना ऐकू जाऊ दे. काय पायजे तुला?"

"गिअर. गाडी चालू करायची हाय."

"कुनाचा गिअर?"

"तुझा."

"मग हात जोडून माग."

मी नवऱ्याकडे बघितलं. तो चपलांकडे बघत होता. बाबांनी हात जोडले. अगदी नीट, देवापुढे जोडतात तसे, कपाळापर्यंत नेऊन.

मोठ्या बाबांनी कमरेची किल्ली बायकोकडे फेकली. "आन गं तो."

मोठी आई जवळजवळ धावत आत गेली. तिला वाटलं, भाऊ एक होतायत. परत आली तेव्हा तिच्या हातात ताट होतं, ताटात गिअर, आणि गिअरला तिने हळदकुंकू लावलं होतं. तिचा चेहरा असा उजळला होता की मलाही रडू आलं. मोठ्या बाबांनी ताटातून गिअर उचलला. मांडवाचे खांब ठोकायला आणलेला घण ओट्यावरच पडला होता. त्यांनी गिअर दगडी पायरीवर ठेवला, घण उचलला आणि घातला.

पहिल्या घावाला गिअर उडून बाजूला पडला. त्यांनी तो उचलून पुन्हा पायरीवर ठेवला, पायाने दाबला आणि पुन्हा घाव घातला. मग आणखी एक. दोन मोठे तुकडे झाले, काही दात उडून बायकांच्या घोळक्यात गेले. कुणीतरी किंचाळलं. कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले, कारण यजमान हसत होता.

"घे," मोठे बाबा म्हणाले. "दिला. मी न्हाय म्हनलो का?"

बँड पुन्हा सुरू झाला. बाबा खाली वाकले. त्यांनी टोपी काढली आणि तुकडे तिच्यात गोळा करू लागले. दोन्ही मोठे तुकडे सापडले. मग ते बायकांच्या पायांशी दात शोधत फिरले, "सरका जरा, सरका" म्हणत. बायका साड्या उचलून बाजूला होत होत्या. मी पण त्यांच्याबरोबर शोधू लागले. मोठी आई रिकामं ताट घेऊन तिथेच उभी होती.

त्या रात्री मी खूप रडले. बाबा रडले नाहीत. सकाळी उठून बघते तर ते पडवीत उन्हात बसले होते आणि पेपरवर तुकडे जोडून ठेवले होते. भिंग लावून एका कानाच्या कडेकडे बघत होते. मला बोलावलं.

"हे बघ. हा कान सरल न्हाय. आत कललेला हाय. थोडासाच. दिसतंय?"

मला दिसलं. कानाची कड उभी नव्हती, मुळाशी किंचित आत गेली होती, बोटाचं नख आत वळतं तशी.

"म्हनून सुटत न्हाय तो," बाबा म्हणाले. "जोर आला की उलट आत ओढला जातो. आपला झिजलेला होता, मना समजलं न्हाय. मी सरल कापून घेतला." ते हसायला लागले. खूप दिवसांनी असं हसले. "दादूसनं दात फोडले, कान फोडायचे राह्यले!"

नवा गिअर कापून यायला पावसाळ्याचे सुरुवातीचे दिवस गेले. गाळ्यावर बाबा स्वतः उभे राहायचे. घरी आल्यावर कानशीने, पॉलिश पेपरने काम करत बसायचे. परातीतला एकेक भाग परत आत गेला. शेवटी एका सकाळी त्यांनी किक मारली आणि पडवी धुराने भरली. मी टाळ्या वाजवल्या.

"चल, बस मागं," ते म्हणाले.

आम्ही घोडबंदर रस्त्याने चेणे गावापर्यंत गेलो. उजव्या हाताला डोंगर ओला हिरवागार होता. चढावर त्यांनी दुसरा गिअर टाकला आणि मूठ पिळली.  गाडी हिसका देऊन पुढे गेली. त्यांनी मुद्दाम मूठ सोडली, पुन्हा पिळली, पुन्हा सोडली. गिअर सुटला नाही. चेण्याच्या नदीपाशी थांबून आम्ही कणसं खाल्ली. बाबा गाडीभोवती फिरत होते, इंजिनला हात लावून भाजलं की हात झटकत होते. सासरी इतकी सुखात मी त्याआधी कधी नव्हते. मला वाटलं, मी हरणाऱ्याच्या बाजूची होते आणि तो जिंकला.

नवरात्राच्या आधी मोठ्या बाबांना लकवा झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा आतल्या खोलीत त्यांचा जीव घुसमटायला लागला, म्हणून मोठ्या आईने त्यांची खाट ओटीवर जाळीच्या खिडकीपाशी लावली. खिडकी गल्लीवर उघडायची. मुलगी सासरी गेली होती. मोठी आई एकटीच त्यांना कुशीवर वळवायची, पुसायची, भरवायची. मी जमेल तेव्हा जायचे. ते माझ्याकडे बघायचे. त्या बघण्यात काय होतं ते मला सांगता येणार नाही. मी त्यांचं अंथरूण बदलायचे तेव्हा माझ्या मनात दया नव्हती, आणि रागही फारसा नव्हता. काम होतं ते.

बाबांना मी सांगितलं तेव्हा ते "हं" म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मोटारसायकल पडवीतून काढून गल्लीत लावायला सुरुवात केली. बरोबर त्या खिडकीखाली.

रोज सकाळी ते तिथे गाडी सुरू करायचे. इंजिन तापवायला म्हणून मूठ पिळत राहायचे. तिचा धूर निळा, जड, पेट्रोल आणि तेलाचा एकत्र जळका वास. तो सरळ जाळीतून आत जायचा. मला आधी वाटलं, त्यांच्या लक्षात येत नसेल. मग एक दिवस मी त्यांना पेट्रोलमध्ये तेल मिसळताना बघितलं. त्या जुन्या गाडीला ते लागायचंच, पण जास्त झालं की धूर वाढायचा. एरवी ते मापाने घालायचे, थेंब सांडू द्यायचे नाहीत. त्या दिवशी एक माप घातलं, थांबले, आणि आणखी एक घातलं.

मी पलीकडे धावले. ओटी निळी झाली होती. मोठे बाबा खाटेवर खोकत होते, पण त्यांना नीट खोकताही येत नव्हतं, नुसतं अंग हलत होतं. डोळ्यांतून पाणी गळून उशी भिजली होती. मोठी आई पदराने वारा घालत होती. मी खिडकी लावून घेतली. पण खिडकी लावली की ते आणखी घुसमटायचे, मग उघडावी लागायची.

काही दिवस असे गेल्यावर मोठी आई आमच्या दारात आली. भिंत उभी राहिल्यापासून पहिल्यांदाच. बाबा चहा पीत होते.

"भावजी, धूर लागतोय त्यांना," ती म्हणाली. "गाडी जरा पुढं न्या आन चालू करा. तुमच्या पाया पडते."

बाबांनी कपातला चहा संपवला. मग म्हणाले, "त्याला पायजे तर त्यानं सांगावं."

"भावजी, त्यांना बोलता येत न्हाय."

"मोठ्यानं बोल म्हनावं. गाडीचा आवाज हाय."

मोठी आई माझ्याकडे वळली. मी काहीतरी बोलेन अशी तिची अपेक्षा होती. मी बोलले नाही, ती जाईपर्यंत. ती गेल्यावर मात्र मी बाबांसमोर उभी राहिले. 

"बाबा, हे बंद करा. मरतोय तो माणूस."

"तू मधी पडू नको."

"त्यांनी वाईट केलं, मला माहीत आहे. मला पण ते नाही नाही ते बोललेत. पण आता त्यांना हातही हलवता येत नाही."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. अगदी थंडपणे, गिअरच्या कानाकडे बघायचे तसं.

"तुला बोलला ते ऐकलंय मी," ते म्हणाले. "पार्ट मिलत न्हाय म्हनला. काय खोटं बोलला?"

मी तिथून आत आले. खाटेवर बसले. मला हळूहळू कळत गेलं. त्या दिवशी मी कोलंबी सोलत होते तेव्हा ते भिंतीच्या अलीकडे, अंगणातच होते. त्यांनी शब्द न् शब्द ऐकला होता. मी घरी आले तेव्हा ते काही बोलले नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी मला पुन्हा विचारलं होतं, "जानार का आज वहिनीकडं?" मी काय ऐकून घेतेय ते माहीत असून त्यांनी मला पाठवलं होतं. तेव्हा त्यांना गिअर हवा होता.

संध्याकाळी नवऱ्याला मी सांगितलं की मी या घरात राहणार नाही. तो आधी हसला, मग चिडला, मग दोन दिवस बोलला नाही. शेवटी आम्ही मीरा रोडला भाड्याच्या घरात गेलो. जाताना बाबांनी मदत केली. टेम्पोत कपाट चढवताना खालून धरलं. "दोरी आवलून बांध रे," असं नवऱ्याला सांगितलं. मला काही म्हणाले नाहीत.

मोठे बाबा त्या हिवाळ्यात गेले. मी निरोप मिळताच काशीगावला गेले. गल्ली माणसांनी भरली होती, मोटारसायकल तिथे नव्हती. बाबा खांद्यावर टॉवेल टाकून त्यांच्या फाटकाबाहेर उभे होते. मोठ्या बाबांना मुलगा नव्हता, सख्खा भाऊ म्हणून अग्नी द्यायला बोलावतील अशी त्यांची समजूत असावी. त्यांना कुणी बोलावलं नाही. अग्नी जावयाने दिला. तिरडी फाटकातून बाहेर पडली तेव्हा बाबा खांदा द्यायला पुढे झाले. मागून मोठ्या आईचा आवाज आला, "त्याला हात लावू देऊ नका." लोकांनी त्यांना नुसतं बाजूला केलं, गर्दीत करतात तसं. ते सगळ्यांच्या मागून चालत गेले.

मी मोठ्या आईपाशी गेले, तिच्या शेजारी बसले. तिने माझ्याकडे वळून बघितलं.

"तू कशाला आलीस?" ती म्हणाली. "तूच ना ती, रोज यायचीस गिअर मागायला? तो गिअर मागितला नसतास तर ती गाडी चालू झाली असती का?"

मला म्हणायचं होतं की मला पाठवलं जायचं. मला म्हणायचं होतं की मी खिडकी लावायला धावत यायचे. पण आजूबाजूला बायका होत्या आणि तिच्या बोलण्यात एक गोष्ट खरी होती, गिअर मागायला मीच जायचे. मी उठले. त्यानंतर ती माझ्याशी कधीच बोलली नाही. एकदा भाईंदरच्या मासळी बाजारात समोरासमोर आलो. कोळणीने विचारलं, "ही तुमच्यातलीच ना?" मोठी आई पिशवी सावरत म्हणाली, "वलखत न्हाय," आणि पुढच्या पाटीकडे गेली. मी घरी येऊन मांदेली साफ करायला घेतली आणि तशीच फ्रिजमध्ये ठेवून दिली.

बाबा गाडी चालवत राहिले. नवरा महिन्या-दोन महिन्यांनी जाऊन यायचा. सांगायचा, आज उत्तनला गेले होते सुकट आणायला, आज वसईला. गाडीचा गिअर पुन्हा कधी सुटला नाही.

एक दिवस त्यांचा फोन आला. नवरा कामावर होता हे त्यांना माहीत असणार. म्हणाले, "वहिनी दादूसची गाडी विकतेय. वसईचा कुनी शौकीन येतोय उद्या टेम्पो घेऊन."

"मग?"

"त्या गाडीत माल हाय चांगला. क्लच प्लेटा, किकचा शाफ्ट. पुढं लागनार मना. कुठं मिलत न्हाय ते." ते थांबले. "तू एकदा बोल तिच्याशी. तुझं ऐकंल ती."

"नाही ऐकणार."

"बोलून तर बघ."

"मी नाही जाणार, बाबा."

 मला वाटलं, आता काहीतरी बोलतील, पुन्हा तसलंच काहीतरी. मी रिसीव्हर घट्ट धरला.

"बरं," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "आज काय केलंस जेवायला?"

"वांगं."

"बरं," म्हणाले, आणि फोन ठेवला.